पोयट्याच्या रानात खपली धरते? मृगाआधी शेणखत मिसळा

गोदावरी, दुधना, मांजरा यांच्या काठची मळई आणि तलावातला गाळ टाकलेली रानं दिसायला कसदार असतात. पण पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला की वरचा थर बसतो आणि ऊन पडताच खपली धरतो. सोयाबीनच्या कोंबाला ती फुटत नाही. उगवण विरळ झाली की दोष मात्र बियाण्यावर जातो.

अशा रानात पोयटा, म्हणजे वाळूपेक्षा बारीक पण चिकणमातीपेक्षा जाड कण, जास्त असतो. त्याचा कण ०.००२ ते ०.०२ मिलिमीटरचा. वाळूतून मुरतं तसं पाणी त्यातून झरझर मुरत नाही आणि चिकणमातीसारखी एकमेकांना धरून ठेवण्याची ताकदही त्याच्यात नाही. थेंबांचा मार बसला की ढेकूळ विरघळतं, सुटे कण पोकळ्यांत जाऊन बसतात आणि पाणी माती घेऊन वाहतं. या कणांना सेंद्रिय पदार्थ बांधतो. तो कुजताना जिवाणू चिकट द्रव सोडतात, बुरशीचे तंतू पसरतात आणि मातीच्या रवाळ गुठळ्या तयार होतात. त्यांच्यामधून हवा खेळते, पाणी मुरतं, ओल टिकते. वाफसा, म्हणजे मशागतीजोगी ओल, तोही लवकर येतो.

आपल्या रानाची परीक्षा घरीच घ्या. सुपारीएवढं वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात अलगद सोडा. बांधावरच्या गवताखालचं ढेकूळ दुसऱ्या ग्लासात सोडा. रानातलं लगेच विरघळलं आणि बांधाचं टिकलं, तर काय कमी आहे ते समजलं.

हेक्टरी निदान ५ टन चांगलं कुजलेलं शेणखत शेवटच्या वखरपाळीआधी पसरा. कच्चं नको, त्यातून हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण येतं. पऱ्हाटी, तुरकाट्या, गव्हाचं काड पेटवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बारीक करून कुजवा. उसाचं पाचट सरीतच ठेवा. पाणी असेल तर ताग किंवा धैंचा हे हिरवळीच्या खताचं पीक पेरून फुलोऱ्याच्या सुरुवातीला गाडा. आपल्याकडच्या उन्हात हे सगळं झपाट्याने संपतं, म्हणून एका वर्षाच्या खताने भागत नाही. रोटाव्हेटरने माती पिठासारखी करू नका, त्याने खपली वाढतेच.

पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावर, ३ ते ४ सेंटिमीटर खोल करा. त्यानंतरही खपली धरली तर तुषार सिंचनाने हलकं पाणी द्या. ओली खपली मऊ पडते.

माती परीक्षणात सामू (आम्ल-विम्लतेचा आकडा, पीएच) ८.५ च्या वर आला तर ती जमीन चोपण, म्हणजे सोडियम जास्त असलेली, असू शकते. मग नुसत्या शेणखताने भागणार नाही, जिप्समची मात्रा अहवाल पाहून ठरवावी लागेल.