थ्रॉटल पोझिशन सेन्सर: बदलण्यापूर्वी मोजून पाहावा

साताऱ्याहून कासकडे जाताना यवतेश्वरच्या घाटात ॲक्सिलरेटर अलगद दाबल्यावर गाडी आचके देत असेल, पण जोरात दाबल्यावर व्यवस्थित ओढत असेल, तर थ्रॉटल पोझिशन सेन्सरवर संशय घेण्यास जागा आहे.

हा सेन्सर थ्रॉटल बॉडीच्या (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणाऱ्या भागाच्या) बाजूला, हवेची झडप ज्या दांड्यावर फिरते त्याच्या टोकाशी बसवलेला असतो. जुन्या पद्धतीच्या सेन्सरमध्ये एक रोधक पट्टी असून दांड्याबरोबर फिरणारा संपर्क तिच्यावरून सरकतो. पट्टीच्या एका टोकाला इसीयूकडून (इंजिनाचे नियंत्रण करणाऱ्या संगणकाकडून) ५ व्होल्ट मिळतात, दुसरे टोक ग्राउंडला जोडलेले असते आणि संपर्क जिथे असेल त्यानुसार तिसऱ्या वायरवर कमीअधिक व्होल्टेज येते. झडप किती उघडली आहे आणि किती झपाट्याने उघडत आहे, हे इसीयूला त्यावरून कळते. गाडी बहुतेक वेळ थोड्याशा उघड्या झडपेवर चालते, त्यामुळे पट्टीही प्रथम तेवढ्याच भागात झिजते.

तपासताना इंजिन बंद ठेवून इग्निशन चालू करावे आणि कपलर (सेन्सरला वायरी जोडणारा प्लग) न काढता त्याच्या मागील बाजूने बारीक पिन घालून मल्टिमीटर लावावा. आधी ५ व्होल्ट आणि ग्राउंड मिळतात का, हे पाहावे; ही पायरी गाळल्यामुळेच चांगले सेन्सर फेकले जातात. त्यानंतर सिग्नल वायर मोजावी. झडप बंद असताना साधारण ०.५ ते ०.९ आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५ व्होल्ट दिसतात, मात्र नेमके आकडे गाडीच्या मॅन्युअलमधलेच धरावेत. झडप अतिशय सावकाश उघडत न्यावी, विशेषतः सुरुवातीच्या भागात. आकडा मध्येच घसरला तर पट्टी झिजली आहे. मेस्त्रीकडे काट्याचा मीटर असेल तर तोच मागून घ्यावा, कारण क्षणभराची घसरण डिजिटल मीटरवर निसटू शकते.

स्कॅनरवर (इसीयूमधील बिघाडाचे कोड वाचणाऱ्या उपकरणावर) पी०१२२ हा कोड आला तर सिग्नल फार कमी आहे, पी०१२३ आला तर फार जास्त आहे. ग्राउंड तुटल्यानेही पी०१२३ येऊ शकतो.

केबलऐवजी मोटरने उघडणाऱ्या झडपेत दोन सिग्नल असतात आणि इसीयू ते एकमेकांशी ताडून पाहते. तिथे इग्निशन चालू असताना झडपेत बोट घालू नये; ॲक्सिलरेटर दाबून स्कॅनरवरच दोन्ही आकडे पाहावेत. सेन्सर बदलल्यावर बऱ्याच गाड्यांमध्ये झडपेची बंद स्थिती इसीयूला नव्याने शिकवावी लागते, आणि त्याची कृती प्रत्येक मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये दिलेली असते.