रिलीजच्या आधी पॅरामीटरची झडती

साइट लाइव्ह करण्याआधी एक दुपार राखून ठेवा आणि बाहेरून येणारा प्रत्येक आकडा, यादी आणि मजकूर (म्हणजेच पॅरामीटर) कमाल किती मोठा येऊ शकतो ते कोडमध्ये शोधा, कारण मर्यादा नसेल तर एकच रिक्वेस्ट सर्व्हर झोपवू शकते. हे सगळं स्टेजिंगवरच, म्हणजे साइटच्या चाचणीच्या प्रतीवरच करायचं.

सुरुवात पेजिनेशनपासून, म्हणजे यादी पानापानाने देण्यापासून. लिमिटमध्ये, म्हणजे एका वेळी किती ओळी द्यायच्या त्या आकड्यात, २० च्या जागी दहा लाख टाकून बघा. ड्रॉपडाउनमध्ये १०० च्या पुढे पर्यायच नाही, हा बचाव चालत नाही, अडवायचं सर्व्हरनेच. मग शून्य पाठवा. मोंगोडीबी या डेटाबेसमध्ये लिमिट शून्य म्हणजे मर्यादाच नाही. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या बॉडी साइजमध्येही (रिक्वेस्टमधला मजकूर कमाल किती मोठा चालेल ती सेटिंग) शून्याचा अर्थ तोच, आणि पोस्टग्रेस डेटाबेसचा स्टेटमेंट टाइमआउट (एका क्वेरीला कमाल किती वेळ द्यायचा ती मर्यादा) तर मुळातच शून्यावर, म्हणजे बंद असतो. तो चालू करा. ऑफसेटही, म्हणजे सुरुवातीच्या किती ओळी सोडायच्या तो आकडाही विसरू नका: लिमिट २० असली तरी पन्नास लाखाव्या ओळीपर्यंत पोचायला डेटाबेस आधीच्या ओळी वाचून फेकूनच देतो.

याद्यांच्या बाबतीत वर्डप्रेसचं २०१८ मधलं प्रकरण डोळ्यासमोर ठेवा. लॉगिन न करता एकाच रिक्वेस्टमध्ये १८१ स्क्रिप्ट फाइली मागता येत होत्या. तुमच्या एपीआयला (दुसरे प्रोग्रॅम जिथून डेटा मागतात त्या दाराला) आयडींची यादी लागत असेल, तर किती आयडी चालतील ते आजच ठरवा.

पासवर्डच्या खान्यालाही कमाल लांबी हवी, आणि ती हॅशिंगच्या (पासवर्ड मुद्दाम जड गणिताने सांकेतिक रूपात बदलण्याच्या) आधी तपासलेली हवी. २०१३ मध्ये जँगो या वेब फ्रेमवर्कमध्ये एक एमबीचा पासवर्ड तपासायला साधारण एक मिनिट लागत असे; तो पासवर्ड चुकीचा असला तरी सर्व्हरचे कष्ट तेवढेच.

फॉर्ममधल्या फील्डच्या संख्येवर पीएचपी आणि जँगो दोन्हींत १,००० ची मर्यादा आयती मिळते. पण एखादा अवाढव्य फॉर्म अडला म्हणून कुणीतरी ती वाढवून ठेवलेली असते, तेव्हा कॉन्फिग उघडून खात्री करा. अपलोड, तारखांची रेंज, रिपोर्ट यांनाही हाच नियम.

‘रेट लिमिट (ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट चालतील ती मर्यादा) आहे ना’ असं टीममध्ये कुणीतरी म्हणेलच. असू द्या, पण रिक्वेस्ट मोजून उपयोग काय, जर एकच रिक्वेस्ट सर्व्हर झोपवत असेल?

शेवटी, मर्यादा ओलांडली तर काय करायचं? काही जण गुपचूप आकडा कापून १०० ओळी देतात. मला ते पटत नाही. समोरच्या क्लायंटला वाटतं, डेटा संपला. सरळ ४००, म्हणजे ‘रिक्वेस्ट चुकीची आहे’ हा एरर कोड परत करा आणि कमाल किती चालेल ते एररमध्येच लिहा.