वीज दरवाढीवर हरकत घेताना

कंपनीने दरवाढ मागितली की वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. ती कापून ठेवा, हरकतीची शेवटची तारीख तिच्यातच असते. वीज कायदा 2003, कलम 64 प्रमाणे वीज दर ठरवणाऱ्या राज्य वीज नियामक आयोगाला लोकांच्या हरकती विचारात घ्याव्याच लागतात.

लातूरला आमच्या गल्लीतली बिलं गोळा केली की मी आधी स्थिर आकारावर, म्हणजे वीज वापरा-न वापरा लागणाऱ्या ठरावीक रकमेवर, लाल पेन फिरवते. शेजारच्या काकू पुण्याला लेकाकडे होत्या, घराला कुलूप, तरी स्थिर आकार आलाच. असं बिल हरकतीला जोडा. नुसतं ‘दरवाढ अन्यायकारक’ लिहून भागत नाही. वीजगळती किती धरली, तिचा बोजा कुणावर टाकला, हे कंपनीच्या दरवाढीच्या याचिकेतलं पान सांगून विचारा.

आयोगाच्या छत्रपती संभाजीनगरच्या सुनावणीला हरकतीची पोच सोबत न्या. बोलायला वेळ थोडाच मिळतो, म्हणून सगळ्यात वजनदार मुद्दा आधी मांडा.