रोपे थेट उन्हात नेऊ नका: पुनर्लागवडीपूर्वीचे दहा दिवस

घरात, खिडकीपाशी किंवा दाट शेडनेटखाली वाढवलेली रोपे बाहेर लावायची वेळ आली, की दर हंगामात तीच चूक पाहावी लागते. महिनाभर जपलेला ट्रे एका सकाळी उचलून थेट उघड्या वाफ्यावर नेला जातो आणि दोन-तीन दिवसांत रोपे माना टाकतात. वरच्या पानांवर पांढुरके डाग पडतात आणि असे पान चिमटीत धरले, तर वाळल्या कागदासारखे कुरकुरते. हा रोग समजून बुरशीनाशक फवारले जाते, विक्रेता त्यासोबत एक महागडे टॉनिकही देतो, पण उन्हाने भाजलेले पान कोणत्याही औषधाने पुन्हा हिरवे होत नाही. डाग फक्त उन्हाकडे तोंड असलेल्या पानांवर असतील आणि नव्या पानांवर येत नसतील, तर तो उन्हाचा चटका आहे. फवारणीवर खर्च करू नये.

आडोशाला वाढलेल्या पानावर मेणाचा थर पातळ असतो आणि त्याची पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) ऊन-वारा लागताच चटकन मिटत नाहीत. त्यामुळे मुळे ओढतात त्यापेक्षा जास्त पाणी पानांतून उडून जाते. रोपांना ऊन-वाऱ्याची सवय लागायला सात ते दहा दिवस लागतात आणि त्याला दुसरा पर्याय नाही.

पहिले दोन दिवस रोपे बाहेर, पण सावलीत आणि वाऱ्याच्या आडोशाला दोन-तीन तास ठेवावीत. तिसऱ्या दिवशी सकाळचे कोवळे ऊन तासभर द्यावे आणि मग रोज तास-दीड तास वाढवत न्यावे. दुपारचे ऊन सर्वांत शेवटी. अखेरचे दोन दिवस रोपे रात्रंदिवस बाहेर राहू द्यावीत. मात्र रात्रीचे तापमान 10 अंश सेल्सिअसखाली जाणार असेल, तर टोमॅटो, मिरची व वांग्याची रोपे आत घ्यावीत.

सर्वाधिक रोपे ढगाळ हवेच्या भरवशावर जातात, हे कळकळीने सांगावेसे वाटते. चार दिवस आभाळ असते, रोपे बाहेर टवटवीत दिसतात, सरावली असे वाटून शेतकरी निश्चिंत होतो आणि पाचव्या दिवशी लख्ख ऊन पडताच एका दुपारीत ट्रे भाजून निघतो. ढगाळ दिवस उन्हाच्या सरावात मोजू नयेत. आभाळ उघडण्याची चिन्हे दिसली, तर बाकीची कामे सोडून आधी रोपांवर सावली करावी.

या काळातील इतर कामे:
- पाणी थोडे कमी करावे. रोप सुकू देऊ नये.
- युरिया व इतर नत्रयुक्त खते बंद.
- लागवडीआधी ट्रायकोडर्मा (मुळांना रोगांपासून जपणारी उपयुक्त बुरशी) 5 ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून आळवणी, म्हणजे मुळाशी ओतणे.
- लागवड सायंकाळी. लगेच हलके पाणी.

काकडीवर्गीय रोपे नाजूक असतात, त्यांना चार-पाच दिवसांचा सराव पुरतो. कोबी व फुलकोबी मात्र थंडीत फार दिवस ताणत ठेवू नये, नाहीतर फुलकोबीला बटणाएवढे गड्डे धरतात. घरातील शोभेच्या झाडांना दोन-तीन आठवडे द्यावेत आणि सावलीत वाढणारी झाडे भर उन्हात नेऊच नयेत.

रोज दोनदा रोपांच्या शेंड्यांवरून तळहात हलकेच फिरवल्यास ती बुटकी व जाड होतात. रोप तयार झाले की नाही, हे मी पान बोटांत धरूनच ठरवतो: ते किंचित जाड व गडद लागले आणि टोमॅटोच्या खोडावर जांभळट झाक आली, तर लावायला हरकत नाही. पान अजून मऊ, लुसलुशीत लागत असेल, तर वाफा तयार असला तरी लागवड तीन दिवस पुढे ढकलावी.