मांजराला इन्सुलिन देताय? डोस वाढवायच्या आधी या चुका टाळा

सकाळी सातला आमच्या बोक्याची शुगर ३८० आली की मनात एकच यायचं, डोस जरा वाढवूया. कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी सासूबाईंना इन्सुलिन चालू आहे, त्यामुळं सुईची भीती कुणालाच नव्हती. पण माणसाचा अंदाज मांजराला लावला की घोटाळा होतो, आणि सगळ्यात मोठा घोटाळा या सकाळच्या आकड्यावरूनच होतो.

मांजराला इन्सुलिन साधारण दर १२ तासांनी देतात. पुढच्या इंजेक्शनच्या वेळेला आधीच्या डोसचा जोर ओसरलेला असतो, म्हणून तेव्हा शुगर चढलेलीच दिसणार. डोस ठरवताना डॉक्टर मुख्यतः बघतात तो दिवसभरातला सगळ्यात खालचा आकडा. त्यासाठी एक दिवस घरी बसून दर दोन तासांनी शुगर तपासायची आणि लिहून ठेवायची. खालचा आकडा ८० ते १५०च्या दरम्यान असेल तर ठीक. पण सकाळी ३८० आणि दुपारी ५५ असेल, तर डोस वाढवायचा नसतो, डॉक्टरांना विचारून कमी करायचा असतो. शुगर फार खाली गेली की कधीकधी शरीर स्वतःच साखर रक्तात सोडतं आणि पुढचा आकडा चढलेला दिसतो. दवाखान्यात घेतलेल्या एकाच आकड्यावरही विसंबू नका. घाबरलेल्या मांजराची शुगर भीतीनंच वाढते. घरी कानाची कड बोटांनी चोळून गरम केली की थेंब सहज येतो. मीटर एकच वापरा. माणसांची मीटरं मांजराची शुगर बऱ्याचदा खऱ्यापेक्षा कमी दाखवतात, म्हणून तुमचं मीटर कोणतं ते डॉक्टरांना सांगून ठेवा.

आता सिरिंज. इथं मी सगळ्यात जास्त घाबरले होते. मेडिकलमध्ये ‘इन्सुलिनची सिरिंज द्या’ एवढंच म्हटलं आणि लाल टोपीची हातात आली. लाल टोपी ४०च्या इन्सुलिनची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट, केशरी टोपी १००ची. आमचं इन्सुलिन, ग्लार्जिन, १००चं. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ते एका युनिटच्या रेघेपर्यंत भरलं असतं, तर अंगात गेलं असतं अडीच युनिट! साडेपाच किलोच्या जिवाला हा फरक छोटा नाही. सासूबाईंनी टोपी बघून हात धरला. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा जुळल्याशिवाय औषध भरूच नका.

डोस बदलला की पाच-सात दिवस थांबायचं. बदलही पाव किंवा अर्ध्या युनिटचा, तोही डॉक्टरांनी सांगितलेला. आज वाढव, उद्या कमी कर असं केलं तर कशानं काय झालं ते कुणालाच कळत नाही.

सुई निसटली, केस ओले लागले, थोडं आत गेलं की नाही कळेना? पुन्हा टोचायचं नाही. पुढच्या वेळेला नेहमीचा डोस द्या. घरात दोघं इंजेक्शन देत असाल तर कॅलेंडरवर खूण करा, म्हणजे दोनदा दिलं जाणार नाही. जेवलं नसेल किंवा ओकलं असेल तर नेहमीचा डोस तसाच देऊ नका, आधी फोन करा.

खाणं बदलताना तर फारच जपा. आमचा बोका गंगावेशीच्या दूध कट्ट्यावरच्या म्हशीच्या दुधात कालवलेल्या भातावर वाढलेला. तो भात बंद करून कमी पिठूळ, मांसाचं ओलं खाणं सुरू केलं की शुगर भराभर उतरते आणि जुना डोस जड होतो. काही मांजरांचं इन्सुलिन सुटतंसुद्धा. म्हणून खाणं बदलायच्या आधीच डॉक्टरांना कळवा.

मांजर झोकांड्या खायला लागलं, मान टाकली, झटके आले तर शुगर पडली असं समजा. ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून किंवा मध बोटानं हिरड्यांना चोळा. घशात ओतू नका, ठसका लागतो, आणि झटके चालू असतील तर बोट दातांत अडकणार नाही हे बघा. आपल्याकडं काकवी घरोघरी असते, पण उसाची साखर आधी पचावी लागते, ग्लुकोजइतकं लवकर काम करत नाही. लगेच दवाखाना गाठा. रात्री कोण फोन उचलतं ते आजच विचारून, तो नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा.