पहिला रॉड, रीळ आणि तंगूस घेताना या चुका टाळा

भाचा दिवाळीच्या सुट्टीत नवाकोरा रॉड घेऊन आला आणि चप्पल काढायच्या आधीच म्हणाला, "मामा, रॉड खराब निघाला. गळ लांब जातच नाही." मी रॉडला हात लावला नाही. रीळ तेवढं उलटं करून पाहिलं. स्पूल (तंगूस गुंडाळायची चकरी) जेमतेम अर्धं भरलेलं होतं. गळ फेकला की तंगूस, म्हणजे गळाची दोरी, खोल खड्ड्यातून वर येऊन स्पूलच्या काठावर घासत होता आणि सगळा जोर तिथेच जिरत होता. दुसऱ्या दिवशी उजनीच्या काठावर जाण्याआधी तेच स्पूल नीट भरलं, आणि त्याच रॉडने तोच गळ जवळपास दीडपट लांब गेला.

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या बऱ्याच जणांच्या पहिल्या खरेदीत मी लुडबुड केली आहे. दर वेळी तीच गंमत दिसते. पैसे जातात रॉडच्या लांबीवर आणि रिळाच्या चकाकीवर, आणि तंगूस येतो "सोबत फुकट" म्हणून. मासा मात्र शेवटी त्या फुकटच्या तंगुसालाच लटकलेला असतो.

आधी काय घ्यायचं ते सांगून टाकतो, मग चुकांकडे वळू. धरण, तलाव, नदी, कालवा असं सगळीकडे चालेल असं एकच सामान हवं असेल तर सात फुटांचा, दोन तुकड्यांचा, मध्यम ताकदीचा रॉड घ्या, 2500 किंवा 3000 आकाराचं स्पिनिंग रीळ घ्या, आणि 0.28 मिलिमीटरच्या आसपासचा साधा नायलॉनचा तंगूस. अडीच ते साडेतीन हजारांत हे बसवता येतं. चिलापी, मृगळ, शिंगटा, बऱ्यापैकी रोहू आणि मध्यम मरळ एवढ्यांना ते पुरतं. दहा किलोचा कटला किंवा महसीर मनात असेल तर वेगळं सामान लागेल. (महसीरवरून आठवलं. 1839 साली साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने 'खुद्री' या महसीराचं वर्णन केलं, तो मासा पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेतला होता. आज त्या पाण्यात पाय घालायचीही इच्छा होत नाही.)

तंगूस: सगळ्यात स्वस्त वस्तू, सगळ्यात जास्त घोटाळे

पहिली चूक जाड तंगूस घेण्याची. "मोठा मासा लागला तर?" या भीतीने लोक 0.45 किंवा 0.50 घेतात. एवढा जाड तंगूस 2500 च्या स्पूलवर थोडाच मावतो, स्प्रिंगसारखा वेटोळी धरून बसतो आणि लांब जात नाही. स्पूलवर 0.25/160 असे आकडे छापलेले असतात. म्हणजे 0.25 मिलिमीटरचा तंगूस 160 मीटर मावेल. ते न वाचता तंगूस घेणं म्हणजे माप न देता सदरा शिवून घेणं. 0.28 चा चांगला तंगूस साधारण साडेचार किलोचा ताण सोसतो, आणि पाण्यातला चार किलोचा मासा म्हणजे चार किलोचा ताण नव्हे. बाकीचं काम रॉडचा बाक आणि रिळाचा ड्रॅग (ओढ वाढली की तंगूस सुटू देणारा ब्रेक) करतो.

दुसरी चूक भरण्याची, आणि हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण "माझा तंगूस सारखा गुंततो" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच निघते. स्पिनिंग रिळात स्पूल फिरत नाही. त्याच्याभोवती तारेची कडी फिरते आणि तंगूस गुंडाळते. त्यामुळे नवा तंगूस चुकीच्या बाजूने आला की प्रत्येक फेऱ्याला एक पीळ बसतो. दीडशे मीटर भरेपर्यंत शेकडो पीळ. पहिल्याच फेकीत त्याचं पक्ष्याचं घरटं होतं.

म्हणून असं करा. आधी रिळाची तारेची कडी उघडा, मग तंगूस रॉडच्या खालच्या कडीतून ओवून स्पूलला बांधा आणि रिळाची कडी बंद करा. ही कडी उघडायची राहिली की सगळा तंगूस भरून झाल्यावर तो सोडवावा लागतो. मी दोनदा केलं आहे. आता तंगुसाचं नवं चाक फरशीवर आडवं ठेवा, चिठ्ठी वर. ओल्या फडक्यात तंगूस चिमटीत धरून दहा-पंधरा फेरे गुंडाळा आणि थांबा. रॉड चाकाकडे झुकवून तंगूस सैल सोडा. तो सरळ पडला तर तसंच पुढे चालू द्या. वेटोळी होऊन एकमेकांत गुंतायला लागला तर चाक उलटं करा, चिठ्ठी खाली. एवढंच. काठापासून दोनेक मिलिमीटर राहिले की थांबा. काठोकाठ भरलात तर फेकताना वेटोळीच्या वेटोळी एकदम निसटतात.

आधीच पीळ पडलेला तंगूस टाकून द्यायची गरज नाही. वाहत्या कालव्यावर जा, गळ, शिसं, स्विव्हल (पीळ बसू न देणारा फिरता दुवा) सगळं काढा, नुसता तंगूस पन्नास-साठ मीटर धारेला सोडा आणि काही मिनिटांनी चिमटीत धरून गुंडाळून घ्या. पाणी स्वतःच पीळ सोडवतं.

ब्रेडेड लाइनचं (बारीक धागे विणून केलेल्या तंगुसाचं) सध्या फार वेड आहे. ती बारीक असते, ताणत नाही, माशाचा हलका टोचाही हाताला कळतो, हे सगळं खरं. पण नवशिक्याचा हात झटका जोरात मारतो आणि न ताणणारी लाइन त्याला माफ करत नाही. गळ माशाच्या तोंडातून फाटून येतो. खडकाच्या धारेवर ती चटकन कापली जाते. आणि गुळगुळीत स्पूलवर थेट बांधली तर पूर्ण गोळाच स्पूलवर घसरत फिरतो. लोकांना वाटतं ड्रॅग बिघडला. घ्यायचीच असेल तर खाली आधी थोडा साधा तंगूस गुंडाळा. पहिलं वर्ष मात्र नायलॉनच वापरा असं मी म्हणेन.

नायलॉन उन्हाने सडतो. गाडीच्या मागच्या काचेपाशी ठेवलेलं रीळ दोन उन्हाळ्यांत निकामी. वर्षातून एकदा तंगूस बदला, आणि काढलेला काठावर टाकू नका. बगळ्यांच्या पायात अडकलेला तंगूस मी पाहिला आहे.

रीळ: बेअरिंग मोजू नका

"तेरा बेअरिंग" असं खोक्यावर लिहिलं की हात आपोआप खिशाकडे जातो. चार चांगली बेअरिंग असलेलं रीळ तेरा भंगार बेअरिंगच्या रिळापेक्षा कितीतरी वर्षं चालतं. शिमानो, डायवा, ओकुमा या कंपन्यांची सगळ्यात खालच्या किमतीची रिळं पाहिलीत तर बेअरिंगचा आकडा लहानच दिसेल. आकड्याऐवजी दुकानात हे बघा: हँडल अगदी सावकाश फिरवा, कुठे करकर किंवा अडखळ लागते का. हँडल पुढे-मागे हलवा, ढिलं वाजतं का. कडीच्या टोकाला, तंगूस ज्यावरून वळतो तो बारका रोलर नखाने फिरवून बघा. तो जाम असेल तर तंगूस तिथेच झिजणार. मग ड्रॅग अर्धा आवळून तंगूस हळूहळू ओढा. एकसारखा सुटायला हवा. धक्के देत सुटत असेल तर ते रीळ परत ठेवा.

आकाराचाही गोंधळ होतो. कोकणातल्या मित्राचं बघून 6000 चं रीळ घेणारे भेटतात. तो खडकावरून खाडीत गरवतो, त्याला ते लागतं. सात फुटी रॉडवर ते लावलं की तासाभरात मनगट बोलायला लागतं.

आणि खोबरेल तेल! घरात दुसरं तेल नसतं म्हणून रिळात खोबरेल घालतात. डिसेंबरच्या पहाटे ते थिजतं आणि रीळ फिरत नाही म्हणून फोन येतो. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब हँडलच्या सांध्यात, एक रोलरवर. ड्रॅगच्या चकत्यांना मात्र ते लावू नका.

रॉड

बारा फुटी, एकात एक सरकणारा रॉड बाजारात भरपूर खपतो. पिशवीत मावतो, उघडला की रुबाबदार दिसतो. पण स्वस्तातल्या अशा रॉडचे सांधे वाळूच्या एका कणाने अडकतात, शेंडा आधी मोडतो, आणि दिवसभर तो हातात धरवत नाही. धरणाच्या दगडी पिचिंगच्या (रचलेल्या दगडांच्या) उतारावरून फेकायचं असेल तर आठ फूट घ्या. त्याहून लांब नको.

रॉडवर 10-30 ग्रॅम असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते फेकायच्या वजनाचं आहे, माशाचं नव्हे. आपल्याकडे स्प्रिंगला पेंड-कणकेचा गोळा लावायची पद्धत आहे. शिसं 20 ग्रॅमचं म्हणून आपण निर्धास्त असतो, पण ओला गोळा धरला तर सगळं मिळून सत्तर-ऐंशी ग्रॅम होतं. रॉड फेकताना मोडतो आणि शिव्या कंपनीला बसतात. एकदा तो गोळा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून बघा. स्प्रिंगवरच मासेमारी करणार असाल तर 20-60 किंवा त्याच्या आसपासचा रॉड घ्या आणि गोळा लिंबाएवढाच ठेवा.

रॉडच्या कड्यांच्या आत कापसाचा बोळा फिरवा. धागा अडकला तर आतल्या चिनी मातीच्या रिंगला तडा आहे, आणि तो तडा तंगूस कापणार. फायबर ग्लास जड पण चिवट, कार्बन हलका पण ठिसूळ; पहिल्या रॉडला दोन्हींचं मिश्रण बरं. कार्बनमधून वीज वाहते, तेव्हा उभा रॉड घेऊन विजेच्या तारांखालून जाऊ नका आणि गडगडाट सुरू झाला की गुंडाळा.

तंगूस तुटतो तेव्हा

सगळं बरोबर घेतलं तरी पहिला मोठा मासा बहुधा ड्रॅगमुळे जातो. ड्रॅग पूर्ण आवळायचा नसतो. तंगुसाच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ओढीला तो सुटायला हवा, म्हणजे आपल्या 0.28 ला किलो ते दीड किलो. वजनकाटा लागत नाही. एक लिटरची भरलेली पाण्याची बाटली जमिनीवर ठेवून तिच्या गळ्याला तंगूस बांधा आणि रॉड वाकवत उचला. बाटली जमीन सोडते न सोडते तोच रीळ किर्र करायला लागलं पाहिजे. बाटली आरामात हवेत झुलत असेल तर ड्रॅग ढिला करा.

मासा ओढत असताना हँडल फिरवत राहणं ही त्याच्याच मागची चूक. रीळ 5.2 पटीचं असेल तर हँडलच्या एका फेऱ्याला कडीचे पाच फेरे, आणि तंगूस आत येत नसताना ते सगळे पीळ होतात. तो ओढतोय तेव्हा थांबा, तो थांबला की रॉड वर घ्या, खाली आणताना गुंडाळा.

तुटलेलं टोक बघा. कुरळं, डुकराच्या शेपटीसारखं असेल तर गाठ सुटली आहे. खरबरीत असेल तर खडकाला घासलं. गाठ बांधताना पाच वेढे द्या आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करा, नाहीतर घर्षणाने नायलॉन तिथेच कमजोर होतो.

आणखी एक. तलाव बहुधा एखाद्या मच्छीमार सोसायटीने ठेक्याने घेतलेला असतो, तेव्हा काठावर आधी विचारून घ्या.

भाच्याचा रॉड पुढच्या जूनपर्यंत छान चालला. मग त्याने तो दिवाणखान्यात जोडून बघितला, आणि वर पंखा चालू होता.