पेटीवर काळी चार धरा: युसी ब्योर्लिंगची 78 ची तबकडी सुरात कशी लावायची

जुनी 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी हाती आली की माणसं आधी पुसायला घेतात. पुसा, पण स्पिरिट लावू नका. ही तबकडी लाखेची, आणि लाख स्पिरिटात विरघळते; फर्निचरला पॉलिश करणारा कुठलाही सुतार हे सांगेल. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब घाला आणि मऊ फडक्यानं खाचांच्या दिशेनं गोल फिरवत पुसा. लेबल कोरडं ठेवा. वाळवायची ती सावलीत.

एलपीची सुई हिला चालत नाही. 78 ची खाच रुंद असते, तिला तीन मिलची (इंचाच्या हजारांश भागाला मिल म्हणतात) सुई लागते. चावीचा फोनो असेल तर स्टीलची पिन एका बाजूला एकच.

आता खरं काम. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत पेट्या, म्हणजे हार्मोनियम, दुरुस्त करतो, त्यामुळे खरखर मी सहन करतो, बेसूर नाही. 78 चे साडेत्र्याहत्तर फेरे झाले की गाणं अर्धा स्वर उतरतं आणि तगडा गवईही पेंगुळल्यासारखा वाटतो. वेग पारखायला माझी ठरलेली तबकडी एकच: स्वीडनचा गायक युसी ब्योर्लिंग यानं 1936 मध्ये गायलेलं, पुचिनीच्या ‘ला बोहेम’ या ऑपेरामधलं ‘के जेलिदा मानिना’.

आधी टर्नटेबलवर स्ट्रोबचा, म्हणजे वेग तपासायच्या रेघा छापलेला, कागदी चकता ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. त्या उजेडात 77 रेघांचा चकता जागच्या जागी थांबलेला दिसला की फेरे 77.92. दिवा जुना पिवळा बल्बच घ्या. एलईडीखाली बऱ्याचदा रेघा दिसतच नाहीत.

मग पेटी जवळ ओढा. या गाण्याची मूळ पट्टी काळी एक. गायक पंचमावर उभा राहतो आणि पहिली ओळ जवळजवळ त्याच एका सुरावर, बोलल्यासारखी म्हणतो. म्हणून पेटीवर काळी चार धरायची आणि भाता संथ ठेवायचा. दोन सुरांची टक्कर होऊन लाटा ऐकू येत असतील तर वेगाचा स्क्रू केसभर फिरवा. लाटा लांबत लांबत थांबल्या की हात काढा. गळ्यात कंप असतोच, तेव्हा कान मागच्या वाद्यांकडं ठेवा. पुढं ‘स्पेरान्त्सा’ या शब्दावर तो काळी एकच्या तार निषादावर जातो. जोर केल्याची खूण नाही, आवाज पातळ होत नाही. आमच्या देवल क्लबात, गाण्याच्या मैफलीत, अशा जागेला दाद पडली असती! एक सावधगिरी: काही टेनर (उंच पट्टीत गाणारे पुरुष गायक) हे गाणं अर्धा स्वर उतरवून पांढरी एकमध्ये गातात. त्यांच्या तबकडीवर हा हिशेब लावू नका.

युसी 1911 चा, बोर्लेंगे गावचा. वडील डाविड स्वतः टेनर. त्यांनी आपल्याच पोरांचा ताफा उभा करून तो अमेरिकेत फिरवला. 1920 मध्ये तिथं पोरांच्या तबकड्या निघाल्या, पण त्या कर्ण्यासमोर गाऊन भरलेल्या. ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला 1925 मध्ये. आपले केशवराव भोसलेही असेच लहानपणापासून रंगभूमीवर, पण ते 1921 मध्येच गेले. मायक्रोफोन त्यांच्या वाट्याला आलाच नाही, याची मला आजही चुटपुट लागते. युसी सुदैवी. मोठेपणीचा त्याचा आवाज 1929 पासून भरला गेला, तो विजेवरच. म्हणून सुरुवात 1936 च्या तबकडीनं करा, पोरवयातल्या नंतर ऐका. जुन्या ढिगात ‘एरिक ओद्दे’ असं लेबल दिसलं तर उचला. नाचाची हलकी गाणी तो या नावानं गायचा.

1930 मध्ये तो स्टॉकहोमच्या रॉयल ऑपेरात उभा राहिला. 1938 मध्ये न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात त्याचं पदार्पण झालं ते ‘ला बोहेम’मध्ये हेच गाणं गाणाऱ्या रोडोल्फोच्याच भूमिकेत. 15 मार्च 1960 ला लंडनमध्ये याच ऑपेराच्या प्रयोगाआधी हृदयविकाराचा झटका आला, तरी गडी गायला. त्याच सप्टेंबरात गेला, वय 49.

तबकड्या उभ्या ठेवा, एकीवर एक रचू नका, खालची तडकते. आणि आपल्याकडच्या पावसात जुनी कागदी पाकिटं बुरशी धरतात, ती जूनच्या आधीच बदलून टाका.